लोणार सरोवर : पाणी आणि परिसंस्था

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाला लागून असलेले खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट कातळावर उल्का आदळून तयार झालेल्या विवरात ते साठले आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किमी. आणि काठापासून खोली सुमारे 150 मी.; तळाशी साधारण 1.2 किमी. व्यासाचे पाणी. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघते आणि अलीकडे दुसऱ्या आकड्याकडे कल आहे. ज्वालामुखी की उल्का, हा वाद दीर्घकाळ चालला. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघातानेच घडणारी काच येथील खडकांत सापडल्याचे दिसले आणि तो मिटला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1979 मध्ये या विवराला राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरवले.

सरोवराला बाहेर जाणारा एकही ओहोळ नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी उतारावरून येते, येताना बेसाल्टची झीज करत सोडियम व बायकार्बोनेट सोबत आणते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट होऊन गाळात बसतात. उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि उरलेला खार दरवर्षी दाट होत जातो. त्यामुळे येथील पाण्याचा सामू (पीएच) 10 च्या आसपास नोंदला गेला आहे. हात बुडवला तर पाणी साबणासारखे बुळबुळीत लागते. वाटाडे ओंजळभर पाण्यात चिमूटभर हळद टाकतात आणि पिवळी हळद क्षणात कुंकवासारखी लाल होते. सामू म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपा प्रयोग नाही.

या खाराला पूर्वी बाजार होता. ‘ऐन-इ-अकबरी’त काच आणि साबणासाठी लागणारा माल येथे मिळतो, अशी नोंद आहे. पाणी आटले की काठावर खार धरे. त्याचे दल्ला, निमकदल्ला, खप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार लोक ओळखत. एकाच तळ्याच्या खाराला एवढी नावे देणाऱ्या माणसांना त्या पाण्याची जाण किती बारीक होती, हे वेगळे सांगायला नको.

गोड्या पाण्याच्या तळ्याला लावायच्या कसोट्या येथे उलट्या पडतात. याच जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, खारे पाणी शेतकऱ्याचे दुखणे आहे. लोणारात मात्र पाणी गोडे होत जाणे हाच बिघाड. पाण्याचा हिरवा रंग आणि प्रचंड जैविक उत्पादन प्रामुख्याने स्पिरुलिनासारख्या नीलहरित सूक्ष्मजीवांमुळे आहे. इतक्या अल्कधर्मी पाण्यात ते जोमाने वाढतात आणि इतरांना टिकू देत नाहीत. तळाच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात गंधकावर जगणारे जिवाणू असतात; सडक्या अंड्यासारखा वास त्यांच्यामुळे येतो. ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ या जिवाणूच्या तर नावातच लोणार आहे. खार उतरला की ही मंडळी मागे हटतात आणि कुठल्याही तळ्यात सापडणारे जीव त्यांची जागा घेतात. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ते अधिक गंभीर.

गोडे पाणी येते तीन वाटांनी. पहिली झऱ्यांची. ईशान्येच्या काठावरची धार बारमाही वाहते; रामगया आणि सीतान्हाणी ही इतर पाणस्थाने. हे पाणी सरोवराच्या घडणीचाच भाग आहे, ते अडवण्याचे कारण नाही. दुसरी वाट गावाची. लोणार शहर विवराच्या अगदी काठावर वसले आहे, त्यामुळे सांडपाण्याचा उतार विवराकडे लागतो. त्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, कपडे धुण्याच्या पावडरीचा फेसही येतो. विवराच्या आत, काठाच्या सुपीक पट्ट्यात पूर्वी शेतीही होत असे. तिची खते आणि फवारण्या शेवटी पाण्यातच उतरत. तिसरी वाट भूजलाची. आसपास पाणी अडले, मुरले की झऱ्यांचा जोर आणि सरोवराची पातळी दोन्ही वाढतात. अलीकडच्या वर्षांत पाणी काठावरच्या कमळजादेवीच्या मंदिराशी येऊन भिडले. जलसंधारण शेतकऱ्याला हवेच. पण विवराच्या पाणलोटात ते किती आणि कुठे करायचे, याचा हिशोब सरोवराला धरून व्हायला हवा.

जून 2020 मध्ये पाणी अचानक गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संरक्षणाची जनहित याचिका आधीपासून चालू होती; त्या निमित्ताने नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले ते असे : पातळी खाली गेली, खार वाढला आणि गुलाबी रंगद्रव्य असलेले लवणप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. पाऊस पडून पाणी पातळ झाल्यावर रंग गेला. ही घटना प्रदूषणाची नव्हे; खार वाढला की कोणते जीव वर येतात, हे त्या रंगाने दाखवून दिले.

सरोवर व भोवतालचे जंगल वन्यजीव अभयारण्य आहे. 2020 मध्ये सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतरचे हे राज्यातील दुसरे रामसर स्थळ, क्षेत्र 427 हेक्टर. रामसरच्या नोंदीत 160 जातींचे पक्षी, 46 सरपटणारे प्राणी आणि 12 सस्तन प्राणी आहेत. त्यांत लांडगा आणि पांढऱ्या मानेचा करकोचाही. काठाला वेड्या बाभळीचा विळखा पडला आहे. ती काढताना उतारावरची माती सुटून पाण्यात गेली तर एक दुखणे घालवून दुसरे ओढवून घेतल्यासारखे होईल. म्हणून हे काम यंत्र न घालता टप्प्याटप्प्यानेच व्हावे.

देखरेखीची अडचण अशी की जंगल वनखात्याकडे, मंदिरे पुरातत्त्व खात्याकडे, गटारे नगरपरिषदेकडे. पाण्याची नियमित मोजदाद एका हाती नाही. सामू, क्षारता आणि पातळी या तीन गोष्टी दर महिन्याला, ठरलेल्या त्याच जागी मोजून जाहीर केल्या तर निम्मे वाद संपतील. मोजणीची एक जागा धारेच्या मुखाशी हवी, दुसरी मध्यावर आणि तिसरी कमळजा मंदिरापाशी. त्या मंदिरासमोर सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे, दुसऱ्या बाजूचे खारे, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नवरात्रात यात्रेला येणाऱ्या बाया दोन्हीकडचे पाणी जिभेवर ठेवून पाहत आल्या आहेत.