समुद्र : एक तळटीप

* ‘समुद्रभर सरकी’ : समुद्रपूर वर्धा जिल्ह्यात, समुद्र शेकडो कोस दूर, म्हणून लेखकाची ही कोटी. पण समुद्र ही खरोखरच एक संख्या आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली, त्यांतले पंधरावे ‘जलधि’, म्हणजे समुद्रच : एकावर चौदा शून्ये. आजच्या बोलीत शंभर लाख कोटी. एक कोटीला एक कोटीने गुणले की नेमका हाच आकडा येतो, म्हणून तो पूर्ण वर्ग आहे. घन मात्र नाही, कारण चौदाला तिनाने भाग जात नाही. त्याच्या मुळाशी चौदा दोन आणि चौदा पाच, बस्स. त्यामुळे विभाजक १५ × १५, म्हणजे २२५. साताने भागले तर दोन उरतात. एवढे सेकंद मोजायचे तर ३१ लाखांहून जास्त वर्षे लागतील. सरकीचे दाणे कोणी मोजावेत!

गोंधळ असा, की भूतसंख्येत, म्हणजे शब्दांनी अंक दाखवण्याच्या पद्धतीत, ‘समुद्र’ हाच शब्द केवळ ४ दाखवतो. तिथे अंक उजवीकडून वाचतात. समुद्रपूरचा पिनकोड ४४२३०५ त्या रीतीने ‘बाण-शून्य-अग्नि-नेत्र-समुद्र-वेद’ असा होईल. गावाचे नाव पिनकोडात असे आपसूक येऊन बसते, ही निव्वळ गंमत, व्युत्पत्ती नव्हे. पिनकोडातल्या अंकांची बेरीज १८, म्हणून त्याला नवाने भाग जातो : ९ × ५ × ९८२९. यातला ९८२९ मूळ संख्या आहे. लेखकाला इथे मोठा समुद्र अभिप्रेत आहे, चाराचा नव्हे. — संपा.