उभ्या घोड्याचा चारा

घरात नवी गाडी आली की येणारा-जाणारा विचारतो, "केवढ्याला पडली?" त्याचे उत्तर शोरूमच्या बिलावर असते. "रोज केवढ्याला पडते?" हे मात्र कुणी विचारत नाही. मला घरखर्चाची वही लिहायची जुनी सवय आहे, त्यामुळे मला हा दुसरा प्रश्नच मोठा वाटतो. मोटार येण्याच्या आधीही तो होताच.

मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून. तोवर श्रीमंतांच्या दारात बग्गी असे आणि बाकीचे बहुतेक पायी चालत. बग्गी ठेवायची म्हणजे घोडा, तबेला, मोतद्दार, नाल, चंदी, चारा एवढे सगळे आले. घोडा आज बाहेर काढा किंवा काढू नका, त्याला खायला घालावेच लागे. ट्राम कंपनीकडे म्हणे नऊशे घोडे होते. तेही खातच होते, पण त्यांचा चारा हजारो उतारूंच्या आण्या-दोन आण्यांतून निघे. उतरलात की तुमचा हिशेब संपला. घरच्या वाहनात आणि सार्वजनिक वाहनात हा मूळ फरक आहे, आणि तो आजवर बदललेला नाही.

पुढे घोडे गेले. 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम आली आणि 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली.

खेड्यापाड्यांत तेव्हा खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. माणसे भरली की गाडी हलायची, आणि जिथे उतारू कमी तिथे ती जायचीच नाही. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली, ती हे बदलण्यासाठी. भरलेल्या मार्गावरच्या कमाईने रिकाम्या मार्गाची गाडीही चालवायची, ही त्यामागची रीत. एकत्र कुटुंबात कमावता भाऊ धाकट्याचे शिक्षण करतो, तसेच हे.

त्याच सुमारास घरच्या मोटारीचीही पायाभरणी होत होती, आणि ती करणारे आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. जैन व्यापारी घराण्यातल्या या माणसाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. पण ती मोजक्यांसाठी होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती. त्यानंतर हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात गाडी उभी राहू लागली आणि कर्जाच्या हप्त्यांनी ते आणखी सोपे केले.

आता वही उघडू. सात लाखांची गाडी दहा वर्षे वापरून दीड लाखाला विकली असे धरा. म्हणजे वर्षाला पंचावन्न हजार रुपये नुसते झिजले. विमा वीस हजार, सर्व्हिसिंग आणि टायर मिळून दहा हजार. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालली, लिटरला सोळाचे अॅव्हरेज आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर पन्नास हजार. बेरीज एक लाख पस्तीस हजार. कर्जाचे व्याज, पार्किंग, टोल यात नाहीच. तरी किलोमीटरला जवळजवळ सतरा रुपये झाले. त्यात पेट्रोलचे फक्त सव्वासहा! बाकीचा उभ्या घोड्याचा चारा. आपण मात्र पंपावर दिलेले पैसे तेवढे गाडीचा खर्च म्हणून लक्षात ठेवतो.

2025 च्या भाडेवाढीनंतरही साध्या एसटीचे भाडे किलोमीटरला दोन रुपयांच्या आत आहे. मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, म्हणजे बाईमाणसाला एक रुपयाही पडत नाही. उरलेले निम्मे सरकार भरते, म्हणजे ते आपल्याच करातून जाते, हेही वहीत लिहायला हवे. आणि गाडीत चौघे बसले तर माणशी सव्वाचार रुपये होतात, हेही खरे. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असेल, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर गाडीची किंमत रुपयांत मोजता येत नाही. गाडी घेऊच नका, असे मी म्हणत नाही.

पण एक खर्च कुणाच्याच वहीत येत नाही. 2021 च्या दिवाळीच्या आसपास सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. ज्यांच्या दारात गाडी होती त्यांचे फारसे अडले नाही. अडले ते तालुक्याच्या शाळेत पासावर जाणाऱ्या मुलींचे, बाजाराला भाजीची पाटी नेणाऱ्या बाईचे, तपासणीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे. संप मिटला, पण धडा राहिला. ज्यांना तिकीट परवडते ते एकेक करून बसमधून उतरले की मागे राहणाऱ्यांची फेरी आधी रिकामी होते आणि मग बंद होते. मुलीची शाळा सुटते ती अशीही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. गाडी असेल तर तिचे पान वहीत वेगळे काढा आणि विमा, हप्ता, टायर, सगळे त्याच पानावर लिहा. वर्षाच्या शेवटी किलोमीटरने भागा. जिथे एकटीने जायचे आहे, हातात वेळ आहे आणि बस आहे, तिथे बसने जा. पैसे वाचतील ते तुमचेच. शिवाय तुमच्या त्या एका तिकिटाने, तुम्ही कधी न पाहिलेल्या एखाद्या मुलीची सकाळची फेरी चालू राहायला मदत होईल.