पैशाचे सोंग आणता येत नाही

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला की परवा सर्व मुलांनी आपापल्या मूळ प्रांताच्या वेशात यावे. आमची मुलगी दुसरीत. आमच्या घरात लगेच बैठक बसली. सौ.चे म्हणणे पडले की नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि अंबाडा एवढे तरी पाहिजेच. शिवलेली नऊवारी भाड्याने आणायची तर तुमसर नाहीतर बालाघाट गाठावे लागणार, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला कचेरी. आमची आई हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "माझे लुगडे आहे ना पेटीत. ते दुमडून नेसवा पोरीला." सौ. म्हणाल्या, "आई, ते महाराष्ट्रीयन दिसणार नाही."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय नेसत होते?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री तो मनात राहिला आणि पुढे बरेच दिवस त्याचाच विचार चालू होता. त्यातून जे थोडे जुळून आले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो आहोत.

मुलांना वेश चढवणे ही काही इंग्रजी शाळांनी आणलेली गोष्ट नाही. आपल्या भागात तर ती पोळ्याच्या पाडव्याला दरवर्षी होते. श्रावण अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवायचा, स्वतः नटायचे, आणि घरोघरी जाऊन बोजारा गोळा करायचा. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली मुलांसाठी हा पोळा सुरू केला, असे नागपूरकर सांगतात. बैलाचे मोल मुलांना कळावे हा त्यामागचा हेतू. भोसल्यांचे राज्य गेले, इंग्रज आले आणि गेले, प्रांत बदलले, पण तान्हा पोळा राहिला. आज नागपूर, भंडारा, गोंदियात तान्ह्या पोळ्याला नंदीच्या सजावटीबरोबर मुलांच्या वेशभूषेच्याही स्पर्धा होतात. त्यात कोणी शेतकरी होतो, कोणी शिवाजी, कोणी झाशीची राणी.

मोठ्यांची सोंगेही आपल्याकडे कमी नव्हती. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते. त्या रात्री दंडार आणि खडी गंमत रंगते, आणि मिसरूड फुटलेला गावातलाच पोरगा लुगडे नेसून पहाटेपर्यंत नाचतो. त्याआधी चारशे वर्षे एकनाथ महाराजांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी अशा लोकांची भारुडे रचली. ती म्हणताना अंगावर तसा वेश चढवण्याची रीत पडली. दारी येणारा बहुरूपी तर आमच्या पिढीनेही पाहिला आहे. तो खाकी कपड्यांत येऊन वॉरंट दाखवायचा आणि आम्ही आईच्या मागे लपायचो.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मेळ्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्यात १८९३ साली गणपती सार्वजनिक झाला आणि लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुढच्या वर्षी तो जोरात पसरला. त्याबरोबर मेळे आले. मेळा म्हणजे मुलांचा आणि तरुणांचा गट. एकसारखा पोशाख, हातात काठ्या, तोंडी पदे, असा तो गणपतीपुढे फिरायचा. काही मेळ्यांतली पोरे शिवाजीच्या मावळ्यांच्या वेशात असत. त्या पदांमधला राजकीय अर्थ सरकारच्या ध्यानात आल्यावर मेळ्यांवर निर्बंधही आले. पुढे मराठी रंगभूमीला कित्येक नट आणि गायक या मेळ्यांनी दिले.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट सारखी होती. वेश एकट्या घराचा नव्हता. मेळ्याचा पोशाख मेळ्याचा असे. दंडारीतल्या पोराचे लुगडे कोणाच्या तरी घरून मागून आणलेले असे, आणि ज्या घरचे असेल त्या घरच्या बाईला त्याचा अभिमान वाटे. तान्ह्या पोळ्याचा नंदी थोरल्याचा धाकट्याकडे येई. शिवाय तिथी सर्वांना ठाऊक. पोळा कधी आणि मंडई कधी, हे पंचांगात आणि लोकांच्या डोक्यात असे. कोणालाही रात्री साडेआठला निरोप येत नव्हता.

वेशाचा सगळा भार एकाच्या डोक्यावर आला की काय होते, याचेही उदाहरण आपल्या इतिहासात आहे. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. रंगमंचावरचे शालू खरे, दागिने खरे, अत्तरही खरे असावे, असा त्यांचा हट्ट. प्रेक्षकांचे डोळे दिपले, पण कंपनी कर्जात बुडाली. त्या कर्जाचा व्याप त्यांना वर्षानुवर्षे पुरला. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपले जुने लोक म्हणतात ते काही उगाच नाही.

आता शाळेकडे वळू. लहान मुलांना खेळातून, गाण्यातून, नाट्यातून शिकवावे हा विचार आपल्या देशात रुजवणाऱ्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची नावे पहिली येतात. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि नंतर कोसबाडला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुलांच्या पाड्यावर माँटेसरीची महागडी साधने परवडणार नव्हती. तेव्हा ताराबाईंनी शिंपले, खडे, पाने, फुले, बिया, म्हणजे अंगणात जे सापडेल तेच शिकवण्याचे साहित्य केले. पोरे शाळेत येत नाहीत, तर शाळा पोरांच्या अंगणात न्यावी, असे त्यांचे काम. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याच्या मुळाशी हेच काम आहे. बालशिक्षणात खेळ हवा, पण तो गरिबाच्या घरात सापडणाऱ्या वस्तूंनी व्हावा, ही ताराबाईंची शिकवण होती. आपण खेळ घेतला आणि ही अट मात्र विसरलो.

आज प्राथमिक शाळेच्या वर्षात पिवळा दिवस, हिरवा दिवस, फळांचा दिवस, भाज्यांचा दिवस, जन्माष्टमीचे राधाकृष्ण, १५ ऑगस्टची भारतमाता, २ ऑक्टोबरचे गांधीजी, १४ नोव्हेंबरचे चाचा नेहरू असे एकामागून एक वेश येतात. सरदार पटेलांच्या जयंतीला, ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी 'एक भारत श्रेष्ठ भारत' हा उपक्रम जाहीर झाला आणि राज्याराज्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. मध्यप्रदेशाची जोडी मणिपूर आणि नागालँडशी लागली, महाराष्ट्राची ओडिशाशी. हेतू उत्तम आहे. दूरच्या प्रांताचे नाव, कपडा, गाणे मुलांना कळते. यातल्या कोणत्याही एका दिवसाला आमची हरकत नाही. पण वर्षाचे असे आठ-दहा दिवस, आणि प्रत्येक वेश एकदाच घालायचा, म्हटले की घरचा हिशेब बसत नाही.

आमच्या घरी निदान चर्चा तरी झाली. मुलीच्या बाकावर तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण मात्र त्या दिवशी शाळेतच आली नाही. तिचे वडील ठेकेदाराकडे रोजंदारीवर जातात. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने खाजगी शाळांत गरीब घरच्या मुलांसाठी पहिल्या वर्गापासून पाव जागा राखल्या आणि ही मुलगी त्यातूनच शाळेत आली आहे. फी माफ झाली, पण वेश भाड्याने आणण्याचा खर्च कोणत्याच कायद्यात येत नाही. ताप आला होता, असे शाळेत सांगितले गेले. पुढे बाजारात तिची आई भेटली तेव्हा आमच्या सौ.ना म्हणाली, "ताप कुठला ताई, कपडे कुठून आणणार होतो?"

सात वर्षांच्या पोरीला तापाचे सोंग आणावे लागले. इतर मुलांची सोंगे टाळ्या घेऊन गेली आणि हिचे कोणाला दिसलेही नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून झाला. म्हणजे या भागातल्या कित्येक मराठी घरांनी कोठून स्थलांतर केलेच नाही, जिल्ह्याची रेघ त्यांच्या शेतावरून गेली. काही घरे मँगनीजच्या खाणींमागे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भंडारा, नागपूर आणि बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांत खाणी निघाल्या. पुढे १९६२ साली ब्रिटिश कंपनी आणि सरकार यांच्या भागीदारीत आजची मॉइल उभी राहिली आणि १९७७ साली ती पूर्ण सरकारी झाली. मुख्यालय नागपूरला, खाणी दोन्ही राज्यांत. मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. तोवर नागपूर आपली राजधानी होती. त्या दिवसापासून नागपूर, भंडारा एका राज्यात गेले आणि आपण भोपाळकडे पाहू लागलो. पोरांची शाळा हिंदीतून झाली. घरात मराठी, बाहेर हिंदी, हे आपल्या अंगवळणी पडले.

अशा घरांचा 'मूळ प्रांताचा वेश' कोणता? येवल्याची पैठणी आणि कोल्हापुरी फेटा यांचा आम्हाला अभिमान आहे, पण आमच्या आजीने पैठणी पाहिलीही नसेल. तिच्या अंगावर साधे सुती लुगडे, खणाची चोळी आणि गळ्यात डोरले असे. आजोबांचे धोतर, बंडी आणि डोक्याला पटका. ही लुगडी दुरून येत नव्हती. भंडारा, पवनी, उमरेडकडचे कोष्टी विणत, आणि आपल्या जिल्ह्यात वारासिवनीलाही हातमाग चालत. तिथल्या हातमागाच्या साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या गोष्टीला सरकारने मान्यता दिली, ती आमच्याच घरात 'महाराष्ट्रीयन दिसणार नाही' म्हणून पेटीत राहिली होती. सिनेमा आणि मालिकांनी मराठी माणसाचा एकच पोशाख ठरवून दिला आणि आम्ही तो निमूट मान्य केला. दोष सौ.चा नाही. आम्हालाही त्या रात्री तसेच वाटले होते.

शेवटी भाड्याची नऊवारी मिळाली नाही. सकाळी आईने स्वतः आपले लुगडे अर्धे दुमडून मुलीला नेसवले. जागोजागी पिना लावल्या. डोरले खोटे, टिकली मोठी. शाळेत बाईंनी विचारले, ही कोणती साडी? मुलीने सांगितले, "माझ्या आजीची." बक्षीस मिळाले नाही. पण घरी आल्यावर तिने ते लुगडे सोडायला संध्याकाळपर्यंत नकार दिला, आणि आईने तिला आपल्या लहानपणीच्या पोळ्याच्या गोष्टी सांगितल्या. तशा गोष्टी आईने आम्हालाही कधी सांगितल्या नव्हत्या.

यावरून मंडळापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. मेळ्यांच्या काळी पोशाख सर्वांचा असे, तशी एक पेटी मंडळाने ठेवावी. प्रत्येक घराने या गणेशोत्सवात एक वस्तू द्यावी. जुने लुगडे, धोतर, पटका, टोपी, उपरणे, खोटे दागिने, लाकडी तलवार, पुठ्ठ्याचा मुकुट, गांधीजींचा गोल चष्मा, खाणीतल्या कामगाराचे जुने शिरस्त्राण, काहीही चालेल. लहान मुलांच्या मापाच्या दोन-तीन नऊवारी शिवून घेण्याचे काम महिला मंडळ करू शकेल. एक वही ठेवावी. ज्याला पाहिजे त्याने सही करून न्यावे आणि धुऊन परत द्यावे. मूल मराठी आहे की हिंदी, मंडळाचे सभासद आहे की नाही, हे विचारू नये. वर्गात बाजूला बसणाऱ्या मुलीला वेश मिळाला नाही, तर आपल्या मुलीच्या वेशाला तरी काय शोभा?

दुसरे काम पालक म्हणून आपले आहे. शाळेच्या पालक सभेत आपण बहुतेक फी आणि निकाल यांवरच बोलतो. वर्षभराचे वेशभूषेचे दिवस जूनमध्येच कळवावेत, ते कमी असावेत, आणि 'घरात जे असेल ते' असे निरोपात स्पष्ट लिहावे, एवढी विनंती तिथे नम्रपणे करता येईल. आम्ही यंदा ती केली. बाईंनी ऐकून घेतली आणि पुढच्या बैठकीत मांडू म्हणाल्या. त्याही दोन मुलांच्या आई आहेत.

पेटी कोणाकडे ठेवायची ते कार्यकारिणीने ठरवावे. आईने आपले लुगडे धुऊन, घडी घालून काढून ठेवले आहे. स्थापनेच्या दिवशी आम्ही ते घेऊन येतो.