विंचुर्णीचे आवटी साहेब

आज पिकाचं काही नाही. आपल्या लातूर-नांदेडकडची पोरं सैन्यात जातात, पण नौदल म्हटलं की "ते कोकणातल्यांचं काम" असं पारावर अजून ऐकू येतं. म्हणून दुष्काळी गावात राहून समुद्राचा ध्यास घेतलेल्या एका म्हाताऱ्या नौसैनिकाबद्दल लिहितो: व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी.

जन्म १९२७ चा, सुरतचा. 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर शिकून ते नौदलात आले. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'कामोर्टा' ही रशियन बनावटीची युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती. चितगावच्या बाजूला पाण्यात सुरुंगांचा धोका आणि पाणबुड्यांची भीती. जमिनीवर ढाक्याकडं फौजा सरकत होत्या, तेव्हा समुद्राची वाट बंद ठेवायचं काम या जहाजांनी केलं. आवटींना वीरचक्र मिळालं. पुढं खडकवासल्याच्या एनडीएचं प्रमुखपद, मग मुंबईत पश्चिम नौदल कमान, आणि १९८३ ला निवृत्ती.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढं आहे. एवढ्या हुद्द्याचा माणूस मुंबई-पुण्यात बंगला बांधून राहिला असता. हे गेले सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात, विंचुर्णीला. फलटण म्हणजे आपली बिनकाट्याची करडई 'नारी-६' जिथं तयार झाली ते गाव. (आपल्या 'परभणी कुसुम'वाल्यांनी राग मानू नये.) आपल्यासारखाच पर्जन्यछायेचा मुलूख, समुद्र कुठल्या कुठं. तिथं शेतावर घर करून राहिले. जंगल आणि वाघ-सिंहांचा अभ्यास होता, त्यावर पुस्तकंही लिहिली.

पण डोक्यात एक गोष्ट ठाण मांडून बसलेली. शिडाच्या होडीतून भारतीय माणसानं एकट्यानं पृथ्वीला फेरी मारावी, आणि ती होडीही भारतातच बांधलेली असावी. इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं न थांबता अशी फेरी १९६९ लाच पूर्ण केली होती. आपल्याकडं कोणीच नाही. स्वतः जायचं वय निघून गेलेलं, म्हणून ते दुसऱ्यांच्या मागं लागले. २००६ ला नौदलानं 'कोण तयार आहे' असं विचारलं, तेव्हा कमांडर दिलीप दोंदे यांनी हात वर केला. आवटी तेव्हा ऐंशीला टेकलेले. त्या वयात आपल्याकडं म्हाताऱ्याचं बी-बियाण्यातलं मतसुद्धा कोणी धरत नाही!

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' तयार झाली, लाकूड आणि फायबरची. ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेऊन मे २०१० ला परतले. एकट्यानं जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय.

या फेरीत सुएझ-पनामाचे कालवे चालत नाहीत. खाली दक्षिणेला उतरून केप हॉर्नला वळसा घालायचा, एकूण ४० हजार किलोमीटरच्या वर. बरोबर कोणी नाही, म्हणून झोपही तुकड्यातुकड्यानं. रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्याला ही झोप समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपला बांध हलत नाही.

मग अभिलाष टॉमी. १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले, ३१ मार्च २०१३ ला परत. मधे कुठंही थांबले नाहीत. २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींसह सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यात पोचल्या. या तिन्ही फेऱ्या आवटी साहेबांच्या हयातीत झाल्या. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला, ९१ व्या वर्षी ते गेले.

ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी' परत निघाली. या वेळी फक्त दोघी होत्या, दिलना आणि रूपा. आठ महिन्यांनी, मे २०२५ अखेरीस त्या गोव्याला लागल्या, तेव्हा आपल्याकडं पेरणीपूर्व नांगरट चालू होती. बातमी किती जणांनी वाचली? गावात बारावी झालेल्या पोरी असतील, तर त्यांना ही नावं जरूर सांगा.