चुन्याचं कूळ

पालघरच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या तटाखाली पडलेला गिलाव्याचा ढेपसा उचलावा आणि मोडून पाहावा. आत तांबूस ठिपके दिसतात ती विटेची भुकटी, गवंड्यांच्या भाषेत सुरखी. पांढरे खडे असतात ते नीट न विरलेल्या चुन्याचे. आणि कुठे कुठे शिंपल्याची कपचीही हाती लागते, भट्टीत पुरती न भाजता निसटलेली. केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर या पट्ट्यात येणारा माणूस दगड बघतो, बुरूज मोजतो, तोफेजवळ फोटो काढतो. हे सगळं ज्याने धरून ठेवलंय त्या चुन्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

शिंपलेच का, याचं उत्तर भूगोलात आहे. आपला मुलूख काळ्या बेसॉल्टचा. दगडाला तोटा नाही, पण चुनखडकाच्या खाणी इथे नाहीत. म्हणून घाटावर काळ्या मातीतून आणि ओढ्याकाठून चुनखडीचे खडे वेचायचे आणि किनाऱ्यावर कालवं-तिसऱ्यांची कवचं गोळा करायची. मीठ पिकवणारे मीठलोणारी, तसे भट्टी लावणारे चुनेलोणारी. ते या धंद्यातले पिढीजात जाणकार. कवच असो की खडा, साधारण 900 अंशांना भाजला की त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळी पाण्यात टाकली की पाणी खदखदा उकळतं. विझलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषतो आणि पुन्हा दगड होतो. समुद्रातल्या जिवाने घडवलेलं कवच माणूस मोडतो आणि त्याला हव्या त्या आकारात पुन्हा घडवतो. मला तरी बांधकामातली याहून चतुर युक्ती माहीत नाही.

चुना आपल्याकडे परका नव्हताच, पानाच्या तबकात तो फार आधीपासून बसलेला. पण हेमाडपंती देवळं पाहा: घडीव दगडावर घडीव दगड, खाचेत खाच, मध्ये चुना नाही. तोलून धरायचं काम वजनाचं. चौदाव्या शतकापासून दख्खनमध्ये सुलतानी अंमल आला, त्याबरोबर कमानी आणि घुमट आले, आणि चुन्याला बढती मिळाली. कमान बिनचुन्याचीही रचता येते. विजापूरच्या गोल घुमटाएवढं काम मात्र चुन्याशिवाय करून दाखवा!

मुघल आले तोवर ही विद्या इथे मुरलेली होती. त्यांनी तिला चकाकी दिली. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा सगळ्यांना ठाऊक. 1660-61 च्या सुमाराला तो पुरा झाला, अताउल्ला आणि हंसपतराय यांच्या हातून. खर्च 6 लाख 68 हजार 203 रुपये 7 आणे. एवढ्या पैशात ताजमहाल होत नाही. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला, बाकीची शुभ्र नक्षी चुन्याची. लोक याला गरिबाचा ताज म्हणून हिणवतात. मला उलट वाटतं. संगमरवर पैशाने मिळतो, चुना घोटून तसा दिसायला लावणं कसबाचं काम आहे.

त्याच गावात विद्यापीठाच्या मागे सोनेरी महाल आहे. मुघलांबरोबर दख्खनेत आलेल्या एका बुंदेल्या सरदाराची ही हवेली. आतल्या सोनेरी रंगकामावरून नाव पडलं. आज तिथे राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, आणि मकबऱ्याला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. पण जुना वाडा म्हणजे काय आणि त्याची डागडुजी म्हणजे काय, हे समजायला मकबऱ्यापेक्षा हीच इमारत बरी. हवेलीत माणसं राहायची. गच्चीवर पाऊस साचणार, भिंतीत ओल उतरणार, जमीन रोज पायाखाली झिजणार. म्हणून तिथे चुन्याची सगळी रूपं लागतात: दगडांमधल्या दरजा भरायला जाड चुना, भिंतीला गिलावा, वर घोटीव संदला आणि गच्चीला बायकांनी रांगेत बसून चोपलेला कोबा.

हा चुना मळायचा कसा, ते पाहायचं तर लोहगडावर जा. दर्ग्याजवळ चुन्याची घाणी अजून आहे. गोल दगडी चर, त्यात उभं जड चाक, चाकाच्या भोकातून आडवा दांडा, दांड्याला बैल. चरात चुना, रेती, सुरखी आणि पाणी घालून चाक फिरवत राहायचं, लोण्यासारखं मऊ होईतो. थापीला चिकटून राहिला पण ओघळला नाही, तर चुना जमला. त्यात हिरड्याचं पाणी, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ, कुठे मेथी, तडे जाऊ नयेत म्हणून बारीक कापलेला सण पडतो. यादी ऐकून हसू येतं, पण त्यात तथ्य आहे. गुळाने चुना लवचिक होतो, चिकट गराने पाणी कमी झिरपतं. प्रमाण मात्र गावोगाव वेगळं, आणि प्रत्येक गवंड्याला आपलंच खरं वाटतं.

     

मग सिमेंट आलं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं. भारतात ते करायचा पहिला प्रयत्न 1904 मध्ये मद्रासला झाला, आणि कच्चा माल होता शिंपले. तो फसला. 1914 ला पोरबंदरला जमलं. पुढे अर्ध्या शतकाच्या आतबाहेर तारापूरलाच देशातलं पहिलं अणुवीज केंद्र काँक्रीटमध्ये उभं राहिलं, 1969 मध्ये त्याची वीज सुरू झाली. या पट्ट्यातल्या भट्ट्यांचं काम तिथे संपल्यात जमा होतं. नव्या कामाला सिमेंटच हवं, यात वाद नाही.

घोटाळा झाला तो जुन्या कामाला सिमेंट फासल्यावर. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडतं. कोंडलेलं पाणी शेजारच्या दगडातून वाट काढतं, किनाऱ्यावर मीठही बरोबर आणतं, आणि काही पावसाळ्यांत सिमेंटची चिप्पी शाबूत राहून भोवतालचा दगडच भुगा होतो. चुन्याच्या भिंतीत केसाएवढी चीर पडली, तर झिरपत्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिच्यात साचून ती आपोआप सांधतेही. म्हणून जाणते लोक डागडुजीत पुन्हा चुन्याकडे वळले आहेत.

आता अडचण मालाची आणि वेळेची. कळी कटनीकडून नाहीतर राजस्थानातून गोणीत येते, घाणीचं चाक विजेवर फिरतं, ते चालतं. पण कळी विझवून खड्ड्यात महिनाभर तरी मुरवावी लागते, आणि गिलावा मारल्यावर ओली गोणपाटं लावून तो दिवसच्या दिवस भिजवत ठेवावा लागतो. मार्चअखेर बिल काढायची घाई असलेल्या कंत्राटदाराला हे कोण सांगणार? मग संध्याकाळी साहेब गेले की चुन्याच्या घमेल्यात गुपचूप सिमेंटची एक पाटी पडते. काम लवकर वाळतं, फोटो छान येतो.