ब्रिटिश बेसबॉल

बेसबॉल व क्रिकेट या दोन्ही खेळांची वैशिष्ट्ये एकत्र आढळणारा एक मैदानी सांघिक खेळ. ‘वेल्श बेसबॉल’ या नावानेही तो ओळखला जातो. वेल्समधील कार्डिफ व न्यूपोर्ट आणि इंग्लंडमधील लिव्हरपूल ही बंदरांची शहरे या खेळाची प्रमुख केंद्रे होत. प्रत्येकी अकरा खेळाडूंचे दोन संघ, प्रत्येक संघाचे दोन डाव व गोलंदाज ही क्रिकेटची अंगे त्यात आहेत. तर चार तळांची फेरी, हवेतून थेट येणारा चेंडू व एका वेळी एकच फलंदाज ही बेसबॉलची अंगे आहेत. त्यामुळे हा खेळ म्हणजे दोन खेळांचा मुद्दाम घडविलेला संकर असावा, असा समज सहज होतो. तथापि त्याचा इतिहास पाहता तो संकर नसून, त्याच कुळातील पण वेगळ्या वाटेने वाढलेले एक भावंड आहे, असे दिसून येते.

पूर्वेतिहास : चेंडू व फळीचे अनेक खेळ अठराव्या शतकापूर्वीपासून इंग्लंडमध्ये खेळले जात. क्रिकेटचे लिखित नियम १७४४ मध्ये तयार झाले. त्याच वर्षी लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरी याने मुलांसाठी काढलेल्या एका छोट्या पुस्तकात ‘बेस-बॉल’ या खेळाचे चित्र व त्यावरील पद्य छापले. १७४९ मध्ये वेल्सचा युवराज फ्रेडरिक हा सरे परगण्यात बेस-बॉल खेळल्याचे वृत्त तत्कालीन वृत्तपत्रात आढळते. विल्यम ब्रे या सरेमधील तरुणाच्या १७५५ मधील रोजनिशीतही या खेळाची नोंद आहे. ‘राउंडर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सदृश खेळाचे छापील नियम मात्र १८२८ मध्ये, मुलांच्या खेळांवरील एका इंग्रजी पुस्तकातून पुढे आले. म्हणजे बेसबॉल हे नाव व खेळ ही दोन्ही मूळची इंग्लंडमधील होत, हे आता संशोधनाने सिद्ध झाले आहे.

हा खेळ वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेला आणि तेथे त्याला नवे वळण मिळाले. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये आपले नियम लेखनिविष्ट केले. त्यांनुसार ठराविक रेषांबाहेर गेलेला फटका अवैध ठरू लागला आणि धावणाऱ्या खेळाडूला चेंडू फेकून मारून बाद करण्याची जुनी पद्धत बंद झाली. १८५७ मध्ये नऊ डाव व तळांमधील ९० फूट (सु. २७·४३ मी.) अंतर निश्चित झाले. इंग्लंडमध्ये राहिलेल्या खेळाला या सुधारणांचा स्पर्श झाला नाही. राउंडर्स या नावाने तो शाळांच्या अंगणांत व कामगारवस्त्यांच्या मोकळ्या जागांत चालू राहिला.

नामांतर व संघटना : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूल व दक्षिण वेल्स येथे प्रौढ खेळाडूंचे राउंडर्स क्लब संघटित झाले. याच सुमारास अमेरिकन बेसबॉलही इंग्लंडच्या दाराशी येऊन ठेपला होता. १८७४ मध्ये बॉस्टन व फिलाडेल्फिया येथील संघांनी ब्रिटनचा दौरा केला आणि बेसबॉलच्या प्रात्यक्षिकांबरोबरच इंग्लिश संघांशी क्रिकेटचे सामनेही खेळले. १८८९ मध्ये ॲल्बर्ट स्पॉल्डिंग या खेळाच्या साहित्याच्या व्यापाऱ्याने आपल्या जगप्रवासी संघांसह ब्रिटनला भेट दिली. पुढील वर्षी, १८९० मध्ये, तेथे अमेरिकन नियमांनुसार व्यावसायिक साखळी स्पर्धा भरली. तिच्यात काही फुटबॉल क्लबांनी भाग घेतला होता. डर्बी शहरातील ‘बेसबॉल ग्राउंड’ हे फुटबॉलचे मैदान त्या प्रयत्नाची आठवण पुढे शंभर वर्षे जपून होते.

ही स्पर्धा टिकली नाही. परंतु बेसबॉल हे नाव ब्रिटनमध्ये लोकांच्या ओळखीचे झाले. राउंडर्स या नावाला मुलांच्या खेळाचा वास होता. लिव्हरपूल व दक्षिण वेल्समधील संघटनांनी १८९२ मध्ये आपल्या खेळाचे नाव राउंडर्सऐवजी बेसबॉल असे केले. नाव बदलले, पण नियम अमेरिकन झाले नाहीत. या निर्णयातच खेळाच्या पुढील बळाचे व अडचणीचे बीज होते. खेळाला प्रौढ प्रतिष्ठा मिळाली. मात्र ज्या नावाने जग एक दुसराच खेळ ओळखू लागले होते, त्याच नावाखाली त्याला पुढे वावरावे लागले.

नियम : या खेळाचे नियम क्रिकेट व अमेरिकन बेसबॉल यांच्याशी ताडून पाहिल्यास त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

(१) संघ व डाव : प्रत्येक संघात अकरा खेळाडू असतात व प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात. अमेरिकन बेसबॉलमध्ये संघात नऊ खेळाडू असतात, डाव नऊ असतात आणि तीन खेळाडू बाद होताच त्या संघाचा डाव संपतो. ब्रिटिश बेसबॉलमध्ये अकराही खेळाडू बाद होईपर्यंत, किंवा बाद न झालेले सर्व खेळाडू तळांवर अडकून फलंदाजीस कोणीही उरत नाही तोपर्यंत, डाव चालू राहतो. दोन्ही डावांतील धावांची बेरीज करून निकाल ठरतो.

(२) गोलंदाजी : चेंडू टाकणाऱ्याला गोलंदाजच म्हणतात. तो चेंडू खांद्याखालून टाकतो आणि तो टप्पा न पडता फलंदाजाकडे येतो. प्रारंभी क्रिकेट व बेसबॉल या दोन्ही खेळांत चेंडू खांद्याखालूनच टाकला जाई. क्रिकेटने १८६४ मध्ये व अमेरिकेच्या नॅशनल लीगने १८८४ मध्ये हात खांद्यावर नेण्यास पूर्ण मुभा दिली. ब्रिटिश बेसबॉलने मात्र जुनी रीत सोडली नाही. गोलंदाजाने टाकलेल्या दर दोन खराब चेंडूंबद्दल फलंदाजी करणाऱ्या संघाला एक अधिक धाव मिळते. क्रिकेटमधील रुंद चेंडूच्या दंडाशी हा नियम जुळतो. अमेरिकन खेळात चार खराब चेंडूंनंतर फलंदाजाला पहिला तळ मिळतो, प्रत्यक्ष धाव मिळत नाही.

(३) फळी व फटका : अमेरिकन बेसबॉलची फळी सर्व बाजूंनी गोल असते, तर या खेळातील फळीचा फटका मारण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. मैदानावर अवैध फटक्याच्या रेषा नसतात. त्यामुळे फलंदाज क्रिकेटप्रमाणे मागे, बाजूला किंवा पुढे, कोणत्याही दिशेला चेंडू मारू शकतो. क्षेत्ररक्षकांना चहूबाजूंस उभे राहावे लागत असल्याने अकरा खेळाडूंची संख्या येथे सार्थ ठरते.

(४) तळ : अमेरिकन खेळात तळांच्या जागी जमिनीवर उशीसारख्या गाद्या असतात. येथे त्यांच्या जागी उभे खांब रोवलेले असतात. राउंडर्सशी असलेले नाते या खांबांत सर्वांत ठळकपणे दिसते. फटका मारल्यावर फलंदाज फळी टाकून खांबांच्या दिशेने धावतो. झेल घेतला गेल्यास, किंवा तो खांबापर्यंत पोहोचण्यापूर्वी चेंडू तेथे पोहोचल्यास तो बाद होतो.

(५) धावा : नियमांतील सर्वांत महत्त्वाचा भेद येथे आहे. फलंदाज आपल्या फटक्यावर जितके तळ गाठील तितक्या धावा त्याला मिळतात. पूर्ण फेरी केल्यास चार धावा होतात. त्यानंतर दुसऱ्या फलंदाजाच्या फटक्यावर तो पुढे सरकला, तर त्याबद्दल वेगळी धाव मिळत नाही. मात्र फेरी पुरी करून परतल्यास त्याला पुन्हा फलंदाजी करता येते. याउलट अमेरिकन खेळात चारही तळांची फेरी पुरी झाल्याशिवाय एकही धाव लागत नाही, आणि ती बहुधा अनेक खेळाडूंच्या फटक्यांनी मिळून साधते.

नियमांचा अन्वयार्थ : धावांच्या या पद्धतीमुळे खेळाची वृत्तीच बदलते. अमेरिकन बेसबॉलमध्ये सहकाऱ्याला पुढे सरकविण्यासाठी फलंदाज स्वतःचा बळी देतो, कारण अर्ध्या वाटेवर अडकलेल्या खेळाडूचे श्रम धावफलकावर शून्य ठरतात. ब्रिटिश बेसबॉलमध्ये पहिल्या खांबापर्यंत पोहोचलेल्याचीही धाव जमा होते आणि क्रिकेटप्रमाणे प्रत्येक फलंदाजाच्या नावावर त्याची धावसंख्या मांडता येते. साहजिकच संघाच्या धावा अमेरिकन बेसबॉलप्रमाणे एकेरी आकड्यांत न राहता क्रिकेटप्रमाणे शंभरीच्या पुढे जाऊ शकतात.

क्रिकेटपासूनही हा खेळ एका बाबतीत दूर आहे. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर धावणे ऐच्छिक असते; त्यामुळे फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर तग धरू शकतो. तळांच्या खेळात चेंडू मारणे व धावणे एकमेकांस बांधलेले असल्याने डाव लांबत नाही. उन्हाळ्यातील दीर्घ संध्याकाळी, दिवसाचे काम आटोपल्यावर दोन-दोन डावांचा सामना पुरा होऊ शके. साधनेही थोडी लागत : फळी, चेंडू व चार खांब. पोशाख बहुधा फुटबॉल वा रग्बीच्या धाटणीचाच असे. यष्टी, पायरक्षक व निगा राखलेली खेळपट्टी यांचा खर्च नव्हता. कार्डिफच्या स्प्लॉट व ग्रेंजटाउन यांसारख्या कामगारवस्त्यांत हा खेळ का रुजला, याचे उत्तर अशा रीतीने त्याच्या नियमांतच सापडते.

आंतरराष्ट्रीय सामने : वेल्स व इंग्लंड यांच्यातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९०८ मध्ये कार्डिफ येथे झाला. तो वेल्सने १२२ विरुद्ध ११८ धावांनी जिंकला. दुसरा सामना १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क या फुटबॉलच्या मैदानावर झाला. पहिल्या महायुद्धानंतर या सामन्यांना वार्षिक स्वरूप आले आणि १९२७ मध्ये दोन्ही देशांच्या संघटनांचे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. कार्डिफमधील सामन्यांना हजारो प्रेक्षक जमत. हिवाळ्यात फुटबॉल वा रग्बी आणि उन्हाळ्यात बेसबॉल असा अनेक खेळाडूंचा क्रम असे. रग्बी लीगमधील विख्यात खेळाडू जिम सलिव्हन याने बेसबॉलमध्येही वेल्सचे प्रतिनिधित्व केले होते. स्त्रियांचे क्लब व आंतरराष्ट्रीय सामने हेही या खेळाचे एक लक्षणीय अंग होय.

लिव्हरपूलमध्ये मात्र दोन बेसबॉल एकाच शहरात आले. तेथील उद्योगपती जॉन मूर्स यांनी १९३३ पासून अमेरिकन पद्धतीच्या बेसबॉलला संघटित रूप दिले आणि उत्तर इंग्लंडमध्ये त्याच्या साखळी स्पर्धा सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धाने हा उपक्रम खंडित झाला. पण एकाच नावाच्या दोन खेळांमुळे होणारा घोटाळा त्यातून अधिकच स्पष्ट झाला.

ऑस्ट्रेलियातील व्हिगोरो : क्रिकेट व बेसबॉल यांचा हेतुपुरस्सर मेळ पाहावयाचा झाल्यास व्हिगोरो या खेळाचे उदाहरण देता येईल. जॉन जॉर्ज ग्रँट या इंग्रजाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो शोधून काढला आणि पुढे तो ऑस्ट्रेलियात, विशेषतः क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स या राज्यांत, स्त्रियांचा खेळ म्हणून रुजला. त्यात यष्टी व खेळपट्टी आहेत, परंतु संघ बारा जणींचा असतो, दोन गोलंदाज आळीपाळीने चेंडू टाकतात आणि चेंडू फलंदाजीच्या रेषेपुढे गेल्यास फलंदाजाला धावावेच लागते. म्हणजे क्रिकेटच्या सांगाड्यात सक्तीच्या धावेचे तत्त्व येथे एका कल्पक माणसाने बसविले. ब्रिटिश बेसबॉलला असा कोणी एक जनक नाही. त्याचे नियम पिढ्यान्‌पिढ्यांच्या खेळण्यातून आकारास आले.

ऱ्हास व महत्त्व : १९६४ मध्ये कार्डिफच्या गोदीतून कोळशाची निर्यात थांबली आणि ज्या वस्त्यांच्या आधारावर हा खेळ उभा होता, त्यांचे जीवन पालटले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रतिस्पर्धी एकच असल्याने लिव्हरपूलमधील क्लब घटताच तिचा पायाच डळमळीत झाला. २००८ मध्ये कार्डिफ येथे आंतरराष्ट्रीय सामन्यांची शताब्दी साजरी झाली व त्या सामन्यातही वेल्सच विजयी ठरला. परंतु त्यानंतरच्या दशकात पुरुषांच्या स्पर्धांना उतरती कळा लागली.

या ऱ्हासात केवळ एका स्थानिक करमणुकीची हानी नाही. एक्सेटर येथे जन्मलेले आणि अमेरिकेत बेसबॉलचे आद्य वृत्तलेखक म्हणून मान्यता पावलेले हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) बेसबॉलचा उगम राउंडर्समध्ये आहे, असे सांगत. स्पॉल्डिंग यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने १९०७ मध्ये असा निष्कर्ष काढला, की ॲब्नर डबलडे याने १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे हा खेळ निर्माण केला. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंट येथील सैनिकी शाळेत शिकत होता आणि ही कथा पुढे निराधार ठरली. समितीचा निष्कर्ष १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कार्डिफच्या मैदानावर वेल्स व इंग्लंडचे खेळाडू खांद्याखालून टाकलेला चेंडू सपाट फळीने मारून खांबांभोवती धावत होते. आधुनिक बेसबॉलने मागे टाकलेली अनेक जुनी वैशिष्ट्ये त्यांच्या खेळात टिकून होती. क्रिकेट व बेसबॉल हे परस्परविरोधी प्रकृतीचे खेळ मानले जातात. पण त्यांना वेगळे करणाऱ्या रेषा मोजक्या नियमांच्या आहेत आणि त्या बऱ्याच उशिरा आखल्या गेल्या, याचा जिवंत पुरावा म्हणून क्रीडेतिहासात ब्रिटिश बेसबॉलला महत्त्वाचे स्थान आहे.