आधाराची शंभर वर्षे



पालखी सोहळ्याचा इतिहास सांगताना आपण मोठी नावे घेतो. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. ही नावे घ्यायलाच हवीत. पण आमच्या दिंडीची शंभर वर्षे ज्यांच्यामुळे झाली, ती माणसे कुठल्या पोथीत नाहीत. ती आहेत भिशीच्या वह्यांत.

दिंडी म्हणजे नुसती चालणारी रांग नव्हे. विणेकरी, टाळकरी, पखवाजी, झेंडेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या, पुढे जाऊन राहुट्या ठोकणारे, चूल पेटवणारे, सगळे मिळून एक घर असते. भिशी सर्वांनी भरायची, जेवण सर्वांनी एकत्र घ्यायचे. दिवेघाटात कुणाचा पाय मुरगळला, तर त्याची वळकटी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. त्यासाठी कुणाला सांगावे लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या आषाढीची आमची वही आम्ही जपून ठेवली आहे. पावसाने दगा दिलेला, गावची माणसे खडी फोडायच्या कामावर गेलेली. भिशी भरायची कुठून? जुनी मंडळी पारावर बसली आणि ठरवले, ज्याला जमेल त्याने द्यावे, ज्याला जमणार नाही त्याने नुसते चालावे. त्या वर्षीच्या वहीत नावे सगळी आहेत, रकमेचा रकाना मात्र कोरा आहे. कोणी किती दिले, कोणी दिलेच नाही, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. कुणाची मान खाली जाऊ नये म्हणूनच तो रकाना कोरा ठेवला.

पण खोटे कशाला बोला? एके काळी आमच्याही पंगती जातीजातीने वेगळ्या बसत. दिवसभर एकमेकांच्या पाया पडायचे आणि जेवताना पाठ फिरवायची! १९४७ साली साने गुरुजींनी पंढरीचे मंदिर हरिजनांसाठी खुले व्हावे म्हणून उपोषण केले, देऊळ उघडले. आमच्या पंगती एक व्हायला मात्र त्यानंतरही बरीच वर्षे लागली. हा उशीर आमचा आहे, तो झाकून शताब्दी साजरी होणार नाही.

मुक्कामाची समाजआरती आठवा. चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, मगच आरती होते. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारतात. एकाचे दुःख ऐकल्याशिवाय देवाचीही आरती पुढे जात नाही, एवढी मोठी शिकवण त्यात आहे.

२०२० साली पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आपण घरीच राहिलो. तेव्हा दिंडीतल्या मंडळींनी एकमेकांना फोन करून म्हाताऱ्या वारकऱ्यांची औषधे आणि किराणा पोचवला. वाट बंद होती, पण दिंडी चालूच होती.

नव्या पिढीच्या हाती आम्ही वीणा देतो, तशी ती वहीही देतो. तो कोरा रकाना सांभाळा, माउली.